वाचक विचारतात: डिफेंडर, मालदिनी आणि 902 मॅचेस

मागच्या अंकात मी एका उत्तरात लिहून गेलो की माझ्यासाठी फुटबॉलमधला जगातला सगळ्यात भारी डिफेंडर म्हणजे इटलीचा आणि मिलान क्लबचा पाओलो मालदिनी, आणि मग काय, पत्रांचा नुसता ढीग. अर्ध्या लोकांनी जर्मनीच्या बेकेनबाउरचं नाव घेऊन मला झापलंय, ते राहू दे. बाकीच्यांचे प्रश्न चांगले आहेत, त्यातले काही घेतो.

प्रश्न: सर, मी 15 वर्षांचा आहे. आत्तापर्यंत पुढे खेळायचो, गोल पण मारायचो. नवीन कोचनी मला लेफ्ट बॅकला (मागे डाव्या बाजूला) टाकलंय आणि माझा तर उजवा पाय चालतो! पोरं चिडवतात की तुला मागं ढकललं. मी कोचना सांगू का नको? (कोल्हापूर)

अरे सांगायचं काय त्यात, आधी सहा महिने खेळून तर बघ. मालदिनी पण उजव्या पायाचाच होता, लहानपणी मिलानच्या ज्युनियर टीममध्ये विंगवर खेळायचा, मग मागे आला. 20 जानेवारी 1985 ला उदिनेसेविरुद्ध हाफटाइमनंतर त्याला पहिल्यांदा उतरवलं तेव्हा तो 16 वर्षांचा, म्हणजे तुझ्यापेक्षा एखाद्या वर्षाने मोठा, आणि कोच होते स्वीडनचे लिडहोल्म. पुढे राइट बॅकची जागा मिळायची नाही कारण तिथे तासोत्ती पक्का बसलेला, म्हणून हा डावीकडे गेला आणि तिथलाच होऊन बसला. डावा पाय त्याने घासून घासून असा तयार केला की नुसती मॅच बघणाऱ्याला ओळखता यायचं नाही हा मुळात कोणत्या पायाचा ते.

आणि आता तुझ्या फायद्याची गोष्ट ऐक, आजकाल राइट विंगला बहुतेक टीम डाव्या पायाचा प्लेअर ठेवतात, सालाह बघ, यमाल बघ, ते लाइनवरून आत कापून येतात आणि डाव्या पायाने मारतात. तू लेफ्ट बॅकला उभा असलास तर ते ज्या बाजूला आत येतात तिथे तुझा उजवा, म्हणजे स्ट्राँग पाय असतो. लोचा कधी होतो, तर तो बाहेरच्या बाजूने पळाला की, किंवा पुढे जाऊन तुला स्वतःला क्रॉस टाकायची वेळ आली की. तेवढ्यासाठी डावा पाय रोज भिंतीवर मारून तयार कर, दुसरा शॉर्टकट नाही. चिडवणाऱ्यांचं सोड, शाहू स्टेडियमवर पेठेच्या मॅचला मागे एक बॅक ढिला पडला की तीच पोरं गॅलरीतून कशी बोंबलतात ते तुला मी सांगायला नको.

प्रश्न: 40 वर्षांपर्यंत एकाच क्लबकडून 902 मॅचेस हे मला पटत नाही. स्ट्रायकर 33-34 ला संपतात, मग डिफेंडर एवढा कसा टिकतो? (नाशिक)

पटत नसलं तरी आकडा खरा आहे. त्यातल्या 647 सेरी आ, म्हणजे इटलीच्या मुख्य लीगमधल्या, तो रेकॉर्ड 2020 मध्ये बुफॉनने मोडला, पण बुफॉन गोलकीपर, आणि अनेक वर्षं युव्हेंटसकडून खेळला तरी एका क्लबचा नव्हता.

टिकण्याचं कारण माझ्या मते साक्की. अर्रिगो साक्की 1987 ला मिलानचा कोच झाला तेव्हा इटलीत मागे प्रत्येकाने आपला आपला माणूस धरायचा ही पद्धत होती, हा फॉरवर्ड जिथे जाईल तिथे तुम्ही मागे मागे. साक्कीने सांगितलं माणूस सोडा, बॉल बघा, शेजारचा बघा आणि जागा सांभाळा, चौघांची लाइन एकदम वर आणि एकदम खाली. तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी, मालदिनी. आता माणसामागे पळायचं असेल तर पाय लागतात आणि पाय 30-32 ला उतरायला लागतात, पण जागेवर आधी पोचायचं असेल तर डोकं लागतं आणि ते वयाने सुधारतं उलट. मालदिनीचे जुने व्हिडिओ लावून बघा, त्याच्या टॅकल्सचे तुकडे सगळे दाखवतात पण तुम्ही पूर्ण मॅच बघा, कितीतरी वेळ तो टॅकल मारतच नाही, बॉल येणार तिथे दोन पावलं आधी उभा असतो आणि फॉरवर्डला पास मिळतच नाही. हे हायलाइट्समध्ये दिसत नाही म्हणून डिफेंडरला भाव नाही, असं माझं जुनं रडगाणं आहे, माफ करा.

दुसरं म्हणजे जागा बदलली. लेफ्ट बॅकला वर-खाली खूप पळावं लागतं, ते जमेना तसा तो हळूहळू सेंटर बॅकला सरकला. तसा सराव आधीपासून होताच, 1994 च्या चॅम्पियन्स लीग फायनलला बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघंही सस्पेंड, मालदिनी मधे खेळला, समोर कोच क्रॉइफची बार्सिलोना, सगळे म्हणत होते मिलान गेलं कामातून आणि झालं 4-0, मिलानच्या बाजूने! त्याच सीझनला लीगमध्ये मिलानने 34 मॅचमध्ये फक्त 36 गोल मारले आणि तरी चॅम्पियन, कारण खाल्ले 15. मला विचाराल तर डिफेंडर लोकांनी हा आकडा फ्रेम करून लावावा. शेवटची दोन-तीन वर्षं मात्र गुडघ्यांनी त्याला पुरतं छळलं, तेव्हा नुसतं डोक्यावर सगळं निभावतं असंही समजू नका.

प्रश्न: क्लबकडून पाच युरोपियन कप (म्हणजे आताची चॅम्पियन्स लीग), सात लीग. इटलीकडून काय? शून्य! मग कसला ग्रेट? (पुणे)

पुणेकर, प्रश्न रास्त आहे हो. 126 मॅचेस आणि एक पण कप नाही. पण कसं हरले ते तरी बघा. 1990 ला घरच्याच वर्ल्ड कपमध्ये सेमीफायनल, अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर. 1994 ची फायनल ब्राझीलकडून पेनल्टीवर. 1998 ला क्वार्टरफायनल फ्रान्सकडून, परत पेनल्टीवर, आणि तेव्हा कोच कोण तर त्याचेच वडील चेझारे. तीन वर्ल्ड कप सलग, तिन्ही वेळा 120 मिनिटांत त्यांना कोणी हरवलं नाही. युरो 2000 च्या फायनलला तर 1-0 ने पुढे, इंज्युरी टाइम चालू, बेंचवरचे लोक उड्या मारायच्या तयारीत, तेवढ्यात फ्रान्सच्या विल्टॉर्डने बरोबरी केली आणि मग ट्रेझेगेचा गोल्डन गोल, म्हणजे एक्स्ट्रा टाइममध्ये जो आधी मारेल तो तिथेच जिंकला. 2002 च्या वर्ल्ड कपला साउथ कोरिया, एक्स्ट्रा टाइममध्ये आन जुंग-ह्वानने हेडर मारला तो मालदिनीच्याच डोक्यावरून उडी घेऊन, तिथे त्याची चूकच होती, आन त्याच्या आधी उडाला. तीच त्याची इटलीकडून शेवटची मॅच.

आणि चार वर्षांनी इटली वर्ल्ड कप जिंकली. पेनल्टीवर. कॅप्टन कानावारो, तोही डिफेंडर, त्याला त्या वर्षी बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात भारी प्लेअरचा पुरस्कार, पण मिळाला. मालदिनी 1994 आणि 2003 ला तिसरा आला होता, बस. आता याला नशीब म्हणायचं का अजून काही, तुमचं तुम्ही ठरवा, मी तरी त्याला यावरून छोटा म्हणणार नाही.

प्रश्न: ऐकलंय की घरच्या शेवटच्या मॅचला मिलानच्याच लोकांनी त्याला शिट्ट्या मारल्या. खरं का? (मडगाव)

खरं आहे, आणि लाजिरवाणं आहे. 24 मे 2009, सान सिरो, रोमाविरुद्ध मिलान 3-2 हरलं आणि हा मैदानाला फेरी मारत होता, सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवतंय आणि कुर्वा सूद, म्हणजे तिथल्या कट्टर लोकांचा स्टँड, त्यातले काही शिट्ट्या मारतायत, जुना कॅप्टन बारेसीची 6 नंबरची भली मोठी जर्सी दाखवतायत, की कॅप्टन एकच होता, तो हा नव्हे. मूळ भांडण जुनं. 2005 ला इस्तंबूलच्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये मालदिनीने पहिल्याच मिनिटात गोल मारला, हाफटाइमला 3-0, आणि तिथून लिव्हरपूलने 3-3 करून पेनल्टीवर कप नेला. त्यानंतर या कट्टर लोकांशी त्याची जुंपली होती, याने त्यांच्यापुढे कधी मान तुकवली नाही, आणि त्यांनी बरोबर शेवटच्या दिवशी वसूल केलं. पुढच्या आठवड्यात फ्लोरेन्सला खरीखुरी शेवटची मॅच होती आणि तिथे फिओरेंटिनाच्या, म्हणजे समोरच्या टीमच्या लोकांनी त्याला टाळ्या वाजवून निरोप दिला. बोला आता.

प्रश्न: 3 नंबरची जर्सी त्याच्या मुलांसाठी राखून ठेवलीय म्हणे. म्हणजे वशिलाच की! (ठाणे)

हाहा. क्लबने नंबर रिटायर केला आणि म्हटलं की मुलांपैकी कोणी मिलानकडून सीनियरला खेळला तर त्यालाच मिळेल. धाकटा डॅनिएल खेळला, पण 27 नंबर घालून! आणि तो डिफेंडर नाहीच, पुढे खेळतो. ऑक्टोबर 2024 ला इटलीकडूनही उतरला, म्हणजे आजोबा, बाप, नातू तिघंही इटलीचे प्लेअर. आजोबा चेझारे तर 1963 ला वेम्बलीवर मिलानचे कॅप्टन म्हणून युरोपियन कप उचलून आलेले, आणि बरोबर 40 वर्षांनी मुलाने तोच कप मँचेस्टरला उचलला. वशिल्याने पहिली मॅच मिळते ओ, 902 वी नाही मिळत.

प्रश्न: रिटायर झाल्यावर काय करतो? कोच का नाही झाला? (बेळगाव)

कोचिंगच्या वाटेला गेला नाही. 2018 ला मिलानमध्ये ऑफिसच्या बाजूने परत आला, पुढे टेक्निकल डायरेक्टर झाला, प्लेअर कोणते घ्यायचे ते काम, आणि 2022 ला मिलानने 11 वर्षांनी लीग जिंकली त्यात त्याचा मोठा वाटा. वर्षभरात क्लबच्या नव्या मालकांनी त्याला काढलं पण. मधे 2017 ला, वयाच्या 49 व्या वर्षी, गडी मिलानच्या चॅलेंजर टेनिस स्पर्धेत डबल्स खेळायला उतरला होता, खरोखरची प्रोफेशनल स्पर्धा बरं का. पहिल्याच राउंडला दणकून हरला.