बारीक ‘या’ आणि पुण्याचा ‘ण्य’

विचारणा अशी आहे: “जपानी शिकायला लागून महिना झाला. हिरागाना लिपीचा तक्ता पाठ झाला, पण ‘कि’च्या पुढे बारीक ‘या’ आला की अडायला होतं. क्या म्हणायचं, किया म्हणायचं, की दोन्ही चालतं? आणि क्या-क्यु-क्यो हेच बरोबर असेल, तर आपण टोकियो का लिहितो?”

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. १८६८ साली एदो शहराचं नाव बदलून ‘पूर्वेची राजधानी’ असं ठेवलं गेलं. तोऽ म्हणजे पूर्व, क्योऽ म्हणजे राजधानी. जुनी राजधानी क्योऽतो, तिच्यातला क्योऽसुद्धा हाच. कांजी (चिनी चित्राक्षर) तीच, उच्चार तोच, आणि तरी मराठीत आपण एका शहरात ‘कियो’ लिहितो आणि दुसऱ्यात ‘क्यो’. युरोपात या शहराचं स्पेलिंग ‘आय-ओ’ असं शेवट करून लिहायची पद्धत होती, जर्मन आणि स्पॅनिशमध्ये ती आजही आहे, आणि आपलं टोकियो त्याच वळणाचं आहे. ते रूढ झालंय, त्यासाठी मी कुठल्या वर्तमानपत्राला पत्र पाठवणार नाही. पण जपानी बोलताना मात्र ते नाव तोऽक्योऽ. तोंडातल्या तोंडात चार ठेके मोजा: तो-ओ-क्यो-ओ. ‘क्यो’ला एकच ठेका. किया, कियो इथे चालत नाही.

या ठेक्याला जपानीत ‘हाकु’ म्हणतात. ती कांजी टाळीचीही आहे, आणि वर्गात शिकवतातही टाळ्या वाजवूनच. सगळी गंमत या टाळीत आहे. ‘क्याकु’ म्हणजे पाहुणा किंवा गिऱ्हाईक, दोन टाळ्या. ‘कियाकु’ म्हणजे नियम-अटी, तीन टाळ्या. (कुठलंही जपानी ॲप उघडलंत की न वाचता ‘मान्य’ म्हणून पुढे जायचं असतं, तेच हे कियाकु.) लिहिताना दोन्हींत कि, या, कु हीच तीन अक्षरं, फरक फक्त ‘या’च्या आकाराचा. तसंच ‘ह्याकु’ म्हणजे शंभर आणि ‘हियाकु’ म्हणजे झेप. ‘जूऽ’ म्हणजे दहा आणि ‘जियूऽ’ म्हणजे स्वातंत्र्य. ब्योऽइन म्हणजे दवाखाना आणि बियोऽइन म्हणजे ब्यूटी पार्लर, ही जोडी तर प्रत्येक शिक्षकाची लाडकी, त्यामुळे तुम्हाला ती भेटेलच.

क्या-क्यु-क्यो अशा जोड-उच्चारांना ‘योऽओन’ म्हणतात, म्हणजे पिळलेला ध्वनी. साध्या का-कि-कुला ‘चोकुओन’, सरळ ध्वनी. कि, शि, चि, नि, हि, मि, रि आणि त्यांच्या जोडीचे गि, जि, बि, पि अशी अकरा अक्षरं, प्रत्येकाला या, यु, यो. झाले तेहतीस. सगळी इकारान्तच का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण त्याचं उत्तर तुम्ही शाळेत पाठ केलेलं आहे. इति अधिक आदि बरोबर इत्यादि. इ च्या पुढे वेगळा स्वर आला की इ चा य् होतो, तोच यण् आदेश. जिभेला इ वरून आ कडे जाताना जी वाट सोपी वाटते ती संस्कृतात जशी, तशीच जपानीत. किया दाबून म्हटलं की क्या.

आता लिहिण्याकडे या, कारण गोंधळ खरा तिथे होतो. जपानी मुलं निबंध लिहितात तो कागद चौकटींचा असतो. नेहमीच्या कागदावर चारशे चौकटी. त्यात बारीक ‘या’ला स्वतःची वेगळी चौकट मिळते. उभं लिहिताना तो चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बसतो, आडवं लिहिताना खालच्या डाव्या. म्हणजे कागदावर त्याला घर आहे, पण तोंडात वेगळी टाळी नाही. तुमचा डोळा चौकट बघतो आणि जीभ टाळी देऊन मोकळी होते, म्हणून ‘किया’ निघतं. उलट बारीक ‘त्सु’ असतो, जो पुढचं व्यंजन दुप्पट करतो. त्याला चौकटही मिळते आणि टाळीही.

इथवर कुठलाही शिक्षक सांगेल. आपल्या लोकांची खरी अडचण पुढे आहे. कियो-बियो महिनाभरात सुटतं, कारण जोडाक्षर आपल्याला नवं नाही. पण मग आपण जोडाक्षर फार जोरात म्हणायला लागतो. सत्य हा शब्द मोठ्याने म्हणून पाहा: ‘सत्त्य’ येतो. जोडाक्षर आधीच्या अक्षरावर आघात देतं आणि व्यंजन दुप्पट वाजतं. हीच सवय जपानीत नेली की इशोऽचा इश्शोऽ होतो. इशोऽ म्हणजे पोशाख, इश्शोऽ म्हणजे अख्खं आयुष्य. त्यात एक टाळी जास्त आहे, त्या बारीक त्सुची. मी स्वतः कितीतरी दिवस नाटकाच्या कपड्यांबद्दल बोलताना जन्मभराच्या गोष्टी करत होते.

याला औषध घरातच आहे. ‘मी पुण्याला निघाले’ आणि ‘त्याच्या पुण्याला तोड नाही’ ही दोन वाक्यं एकापाठोपाठ म्हणा. अक्षरं तीच. पण सुकृताच्या पुण्यात ‘पुण्ण्य’ असा दाब आहे आणि शहराच्या पुण्यात तो नाही. ‘पु’वरून जीभ हलकेच ‘ण्या’वर घसरते. दिव्याखाली अंधार म्हणताना दिव्यावर दाब नाही, दिव्य शक्ती म्हणताना आहे. जपानी योऽओन हा शहराच्या पुण्याचा ण्य आहे. तोऽक्योऽ म्हणताना पुण्याची गाडी पकडायची, पुण्यप्राप्तीच्या मागे लागायचं नाही.

आणि र च्या बाबतीत तर मराठी लिपीने आपल्यासाठी जेवण वाढूनच ठेवलंय. रि अधिक यो, याचा उच्चार परदेशी विद्यार्थ्यांना फार छळतो. ‘रियोकान’, ‘रियोऽरि’ असं काहीतरी होतं. आपल्याकडे दर्या आणि दऱ्या वेगळे आहेत, आचार्यांना आणि आचाऱ्यांना नमस्कार वेगळा करावा लागतो. दऱ्यामधला तो अर्धचंद्रासारखा र घ्या आणि थेट ऱ्योकान (जपानी पद्धतीचं उतारूगृह), ऱ्योऽरि (स्वयंपाक), ऱ्योकोऽ (प्रवास) लिहा. हिंदीवाल्या मित्राला हे लिहून दाखवायला गेलात तर त्याची पंचाईत होईल. जपानी र सुद्धा जिभेचं टोक एकदाच टेकवून सोडलेला, आपल्यासारखाच.

शि आणि चि यांच्यापुढे मात्र ‘य’ ऐकू येत नाही. शिया-चियाचं श्या-च्या न होता सरळ शा, चा होतात. इथला च म्हणजे चार-चहामधला. जपानी ‘ओचा’ आणि आपला चहा मुळात एकाच चिनी शब्दाची लेकरं आहेत. चुलीतला, चुकीतला च वेगळा, तो त्सुनामीच्या ‘त्सु’चा जवळचा नातेवाईक. मराठीत दोन्ही ‘च’ एकाच अक्षरात राहतात, म्हणून आपण गरज पडली की ‘य’ची पाचर मारतो: त्याचा, पण त्याच्या. ज्युदो लिहितो तेही त्यासाठीच, नाहीतर जुन्याचा ‘जु’ वाचला जाईल. बारीक ‘या’ जे काम करतो तेच हे काम.

सरावासाठी शेकडे मोजा. शंभर ह्याकु (ह्या माणसातला ह्या), तीनशे सान्‌ब्याकु, सहाशे रोप्प्याकु, आठशे हाप्प्याकु. एका शब्दाला ह, ब, प तिन्ही रूपं, वर दोन ठिकाणी बारीक त्सुची टाळी. बाजारात भाव विचारलात की हे कानावर पडणारच. म्यु मात्र फार शोधू नका, तो संग्रहालय-संगीताच्या इंग्रजी शब्दांतच बहुतेक सापडतो. जपानी मांजर ‘न्याऽ’ म्हणतं. तो योऽओनच, आणि आपलं म्यावही.

आकाराने बारीक लिहिण्याची शिस्तही वाटते तितकी जुनी नाही. १९४६ मध्ये कानालेखनाचे (हिरागानासारखी उच्चाराची अक्षरं लिहिण्याचे) आधुनिक नियम आले, १९८६ मध्ये सुधारले, आणि त्या सुधारित नियमातही शब्द आहेत ते ‘शक्यतो बारीक लिहावं’ असे. कायद्यांच्या मजकुरात तर १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ही अक्षरं मोठीच छापत. म्हणून जुन्या कागदात ‘कियाकु’ दिसलं तर संदर्भ बघून ठरवायचं. कॅनन ही कॅमेऱ्याची कंपनी आजही आपलं नाव मोठ्या ‘या’ने लिहिते, कि-या-नो-न, पण म्हणायचं क्यानोन. कारण विचाराल तर बारीक ‘या’च्या डोक्यावर मोकळी जागा राहते आणि नावात भोक पडल्यासारखं दिसतं, असं कंपनी स्वतः सांगते. तिच्या १९३४ च्या नमुना कॅमेऱ्याचं नाव होतं क्वानोन, म्हणजे करुणेची देवता कान्नोन, आपला अवलोकितेश्वर. क्वा हाही पिळलेलाच ध्वनी, उ चा व झालेला, स्वागतातला. क्या टिकला, क्वा प्रमाण जपानीतून गेला.

राहिलं ‘दोन्ही चालतं का’. एका ठिकाणी चालतं. जपानी मुलं जिन्यावर एक खेळ खेळतात, हाताने दगड-कात्री-कागद करायचं आणि जिंकणाऱ्याने शब्द फोडून म्हणत तितक्या पायऱ्या चढायच्या. दगडाने जिंकलं तर गु-रि-को (ग्लिको ही मिठाईची कंपनी), तीन. कात्रीने जिंकलं तर चॉकलेट. नीट जपानीत ते चो-को-रे-ए-तो, पाच पायऱ्या. पण मुलं म्हणतात चि-यो-को-रे-इ-तो, आणि सहा चढतात.