खांबामागचा स्टिकर : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की सिग्नलच्या खांबाच्या मागच्या बाजूला कधीतरी बघा, तिथे जाहिरात नसलेला स्टिकर दिसला तर तो बहुतेक कोणीतरी घरी बसून हाताने काढलेला असतो. झालं, एवढ्यावरून इतकी पत्रं आली की या वेळी बाकी सगळे विषय पुढे ढकललेत. त्यातली दोनतीन चांगलीच चिडलेली आहेत, तीपण घेतलीत.

प्रश्न : ताई, ग्राफिटी, स्ट्रीट आर्ट, म्युरल हे सगळं एकच ना? मी सरसकट ग्राफिटी म्हणतो आणि माझी मुलगी मला हसते.

मुलगी बरोबर आहे हो, पण तुम्हीही फार लांब नाही. ग्राफिटी म्हणजे मुळात नाव. आपलं टोपणनाव, जमेल तितक्या ठिकाणी, आपल्या वळणात. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात कॉर्नब्रेड नावाचा एक पोरगा हे करत सुटला होता, मग न्यूयॉर्कमध्ये टाकी १८३ आला, हा पाकिटं पोचवायचं काम करायचा, १८३ हा त्याच्या राहत्या रस्त्याचा नंबर, आणि डिलिव्हरीला जाईल तिथे मार्करने नाव लिहून यायचा. १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी केली आणि मग काय, शहरभरच्या पोरांना कळलं की नुसतं नाव लिहूनसुद्धा पेपरात येता येतं.

फरक असा धरा की ग्राफिटीवाला दुसऱ्या ग्राफिटीवाल्यासाठी लिहितो, आपल्याला ते वाचता आलं नाही तरी त्याला फिकीर नसते. स्ट्रीट आर्टवाल्याला मात्र तुम्ही थांबायला हवे असता, म्हणून तिथे चित्र, स्टेन्सिल (म्हणजे आकार कापलेल्या साच्यातून रंग मारणं), पोस्टर, स्टिकर, टाइल्स असं काहीही चालतं. आणि म्युरल म्हणजे भिंतभर मोठं चित्र, तिथे परवानगी, शिडी किंवा क्रेन, आणि बहुतेक वेळा कोणीतरी दिलेले रंगाचे पैसे. तीच माणसं तिन्ही करतात, त्यामुळे मुलीशी फार वाद घालू नका.

प्रश्न : लोक स्वतःच्या खर्चाने स्टिकर बनवून कुठेतरी चिकटवून निघून जातात. विकायचं काही नाही, नाव खरं नाही, फोन नंबर नाही. मग मिळतं काय? हे सुरू तरी कुठून झालं?

हा माझ्या आवडीचा प्रश्न, त्यामुळे जरा लांबेल.

पाठीला गोंद असलेलं लेबल ही तशी ऑफिसातली वस्तू. स्टॅन्टन एव्हरी नावाच्या माणसाने १९३५ मध्ये अमेरिकेत ती बनवून विकायला सुरुवात केली, किमती लिहायला, फायलींवर लावायला वगैरे. पुढे ग्राफिटीवाल्या पोरांच्या लक्षात आलं की भिंतीवर उभं राहून नाव लिहायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कोणीतरी येतं, पण तेच नाव घरी आरामात, चांगल्या वळणात, लेबलवर लिहून खिशात टाकलं तर चिकटवायला दोन सेकंद पुरतात. चालता चालता हात खांबाला लागला आणि काम झालं. म्हणूनच याला स्लॅप म्हणतात, चापट मारल्यासारखं. मीटिंगमध्ये छातीवर लावतात ते ‘हॅलो माय नेम इज’ वालं लेबल तर यांच्यासाठीच बनवल्यासारखं होतं, नावच लिहायचंय ना! आणि अमेरिकन पोस्टाचं लेबल २२८, ते पोस्टात फुकट मिळायचं, पांढरं मोठं, गोंद दणकट. ते पार्सलांवर लावण्यासाठी असतं, खांबांवर नाही, पण गठ्ठेच्या गठ्ठे गेले. आजही जुने लोक त्या लेबलबद्दल हळवे होऊन बोलतात.

नावाच्या पलीकडे जाऊन स्टिकर गाजवला तो शेपर्ड फेअरीने. १९८९ साल, तो ऱ्होड आयलंडच्या डिझाइन स्कूलमध्ये शिकत होता, स्केटबोर्डवाला पोरगा. मित्राला स्टेन्सिल कापायला शिकवताना पेपरात आंद्रे द जायंट या पैलवानाचा फोटो दिसला, तो घेतला आणि ‘आंद्रे द जायंटची टोळी आहे’ अशा अर्थाची ओळ टाकून स्टिकर काढले. कसली टोळी? कसलीच नाही. गंमत तिथेच आहे. शहरात सगळीकडे एकच चेहरा दिसायला लागल्यावर लोकांनी आपापले अर्थ लावले, कोणाला तो बँड वाटला, कोणाला पंथ. स्केटवाल्या पोरांनी ते गावोगाव नेले, पुढे नावाच्या हक्कावरून तंबी आली तसा त्याने चेहरा सोपा केला आणि खाली ‘ओबे’ म्हणजे ‘आज्ञा पाळा’ एवढंच ठेवलं. ज्या माणसाने २००८ मध्ये ओबामांचं ते लाल-निळं ‘होप’ पोस्टर केलं तो हाच.

आता मिळतं काय? मला वाटतं, उत्तर मिळतं. तू एक लावतोस, आठवड्याने बघतोस तर बाजूला अनोळखी माणसाने आपला लावलेला असतो, मग तिसरा येतो, आणि वर्षभरात तो खांब म्हणजे वहीचं पान होतं. एकमेकांना कधीही न भेटलेले लोक पाकिटात घालून स्टिकर पाठवतात, इकडचे तिकडे लागतात, आणि ज्या शहरात तू आयुष्यात पाय ठेवला नाहीस तिथल्या पुलावर तुझं नाव असतं. लाइक मोजण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, पण ते माझं झालं.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे. बोटांना सतत मार्करचा वास, वहीत एकच शब्द शंभर शंभर वेळा लिहिलेला, तोही धड वाचता येत नाही. अभ्यास सोडून हे काय? वही फाडून टाकू का?

वही अजिबात फाडू नका. आपण लहानपणी कित्ता गिरवायचो ना, तो तेच करतोय, फक्त अक्षर स्वतःचं शोधतोय. या लोकांत त्या वहीला ब्लॅकबुक म्हणतात, एकमेकांच्या वहीत काढून घेतात, आणि ज्याचं वळण कच्चं त्याला ‘टॉय’ म्हणून चिडवतात, म्हणजे हा अभ्यासच आहे, फक्त तुमच्या सिलॅबसमधला नाही.

काळजी करायची तर दुसऱ्या गोष्टींची करा. तो रात्री कुठे जातो? रेल्वेचे रूळ, छपरं, पुलाची कडा या जागा जीव घेतात, आणि त्यात काही शूरपणा नाही हे त्याला स्पष्ट सांगा. स्प्रे मारत असेल तर बंद खोलीत नको, आणि नुसता रुमाल बांधून भागत नाही, वाफा अडवणारा फिल्टरचा मास्क लागतो. आणि हो, बिनपरवानगी दुसऱ्याच्या मालमत्तेवर लिहिणं बहुतेक सगळीकडे गुन्हा आहे, स्टिकर छोटा म्हणून सूट मिळत नाही, हे त्याला माहीत असेलच पण तुमच्या तोंडून ऐकू दे. परवानगीची भिंत मिळवून देता आली तर बघा. एकदा त्याच्यासोबत बसून ‘हा शब्द वाचून दाखव’ म्हणा, तासभर बोलेल.

प्रश्न : पोस्टर चिकटवायची खळ कशी करायची? माझी दोन दिवसांत सुटते. आणि स्टिकरचे रंग उडतात.

वाटीभर मैदा आधी थंड पाण्यात कालवून घे, गुठळी एकही नको, मग चारपाच वाट्या उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहा, पातळ खिरीसारखी आणि जरा पारदर्शक दिसली की उतरव. गार होऊ दे. तुझी सुटते त्याचं कारण बहुधा कागद आहे. जाड कागद स्वतःच्या जोरावर उलटतो, पातळ न्यूजप्रिंट खळ पितो आणि भिंतीच्या खाचखळग्यात बसतो. आधी भिंतीला खळ, मग कागद, मग वरूनपण खळ, आणि ब्रश मधून कडेला फिरवत हवा काढायची. धूळ झटकली नसशील तर पोस्टर भिंतीला नाही, धुळीला चिकटतं.

स्टिकरचं उलटं आहे. खरखरीत विटेवर तो टिकत नाही, त्याला धातू, काच अशी गुळगुळीत जागा लागते, म्हणून पाट्यांच्या मागच्या बाजू कायम भरलेल्या असतात. (पाटीच्या पुढच्या बाजूला लावणारा आर्टिस्ट नाही, मूर्ख आहे. कोणाचा तरी अपघात होईल.) रंगांचं म्हणशील तर उन्हात आधी किरमिजी आणि पिवळा जातो, जुनी छापील पोस्टरं निळसर पडलेली दिसतात ती त्यामुळेच. साध्या मार्करची शाई पण उन्हात टिकत नाही, पेंट मार्कर वापर, काळा रंग सगळ्यात दमाचा.

प्रश्न : परवा एका प्रदर्शनात गेलो. रस्त्यावर काम करणाऱ्या आर्टिस्टची चित्रं फ्रेममध्ये, खाली किमती. मला फसवल्यासारखं वाटलं. रस्त्यावरचं आत आणलं की उरतं काय?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकाच पिशवीत भरतो.

एक म्हणजे आर्टिस्टने गॅलरीसाठी नवीन काम करणं. त्यात फसवणूक कसली? त्यालाही पोट आहे, आणि हे काही आजचं नाही, न्यूयॉर्कच्या रेझर गॅलरीत १९७३ मध्येच ग्राफिटीवाल्या पोरांचे कॅनव्हास लागले होते. दुसरी म्हणजे रस्त्यावरचंच काम उचलून आत नेणं, आणि इथे माझं डोकं फिरतं. कीथ हॅरिंगचं बघा. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या मेट्रो स्टेशनांवर जाहिरातीच्या रिकाम्या चौकटींवर काळा कागद लावलेला असायचा, हा त्यावर पांढऱ्या खडूने काढायचा, भराभर, लोक उभे राहून बघायचे. खडूच तो, पुसला जाणार हे त्यातच होतं. मग त्याचं नाव झालं, गॅलरीत किमती चढल्या आणि लोक स्टेशनवरचे कागद कापून न्यायला लागले, इतके की १९८५ पर्यंत त्याने ते थांबवलंच. म्हणजे ज्यांना ते फुकट बघायला मिळत होतं त्यांचंच गेलं. पुढच्या वर्षी त्याने पॉप शॉप काढलं, टीशर्ट, बिल्ले, पोस्टरं, साध्या माणसाला परवडतील अशी. त्याला नावं ठेवणारे तेव्हा खूप होते, मला मात्र ते खडूच्या चित्रांचंच पुढचं पाऊल वाटतं.

इटलीतल्या ब्लू नावाच्या आर्टिस्टने तर टोक गाठलं. २०१६ मध्ये बोलोन्यात स्ट्रीट आर्टचं मोठं प्रदर्शन होणार होतं, त्यात भिंतींवरून काढून आणलेली कामंही होती, न विचारता. त्याने काय केलं, शहरातली स्वतःचीच वीसेक वर्षांतली म्युरल्स लोकांना हाताशी धरून करड्या रंगाने बुजवून टाकली. विचार करा, आपल्या हाताने! ते वाचलं त्या दिवशी मी दुसरं काही करू शकले नव्हते.

बँक्सीबद्दल, म्हणजे खरं नाव लपवून स्टेन्सिल करणाऱ्या त्या इंग्लिश आर्टिस्टबद्दल, तुम्ही विचारणार हे माहितीये. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या लिलावात त्याचं फुगा आणि मुलीचं चित्र दहा लाख चाळीस हजार पौंडांना गेलं आणि हातोडा पडताक्षणी फ्रेममधल्या यंत्राने ते अर्धं कापलं. बाजाराला चपराक वगैरे सगळे म्हणाले. तीनच वर्षांत तेच अर्धवट फाटलेलं चित्र साधारण एक कोटी पंच्याऐंशी लाख पौंडांना विकलं गेलं. चपराक कोणाला बसली ते तुम्हीच ठरवा.

आणि फेअरी? जानेवारी २००९ मध्ये ओबामांचं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत गेलं, आणि फेब्रुवारीत बॉस्टनच्या म्युझियममध्ये स्वतःच्याच प्रदर्शनाच्या कार्यक्रमाला निघालेला असताना पोलिसांनी त्याला भिंती खराब केल्याच्या वॉरंटवर उचललं. दोन्ही एकाच माणसाबाबत, महिन्याभरात.

स्टिकरची प्रदर्शनं म्हणाल तर फ्रेममधला एकटा स्टिकर मला कायम बिचारा वाटतो, फुलपाखरू टाचून ठेवल्यासारखा. पण अख्खी भिंत मोकळी सोडून ‘या आणि लावा’ म्हणतात ना, तिथे शेवटच्या दिवशी जावं. पहिल्या दिवशीचे स्टिकर खाली दबलेले असतात, कोणीतरी कोणाच्यातरी नाकावर लावलेला असतो, भांडणं पण दिसतात. तिकडे एकदा जाऊन बघा, मग मला परत लिहा.

प्रश्न : कला कला काय लावलंय? माझ्या भिंतीवर रात्रीत कोणीतरी येऊन रंगवून गेलं. मी पुसणार, कोणाची परवानगी घ्यायची?

कोणाचीच नाही, पुसा. भिंत तुमची. जो रात्री येऊन काढतो त्याला पुसलं जाणार हे पक्कं ठाऊक असतं, त्या पुसण्यालाही त्यांच्यात शब्द आहे, बफ. फक्त पुसण्याआधी एक फोटो काढा, कारण मेलबर्नमध्ये २०१० मध्ये पालिकेच्या सफाईवाल्यांनी बँक्सीचा उंदीर रंगवून टाकला आणि मग सगळे हळहळत बसले.

पण परवानगी तुम्ही दिली असेल तर मात्र वेगळं. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्झ इमारतीवर मालकाच्या संमतीने वर्षानुवर्षं चित्रं होत होती, २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत सगळ्यावर पांढरा रंग फिरवला. कोर्टाने २०१८ मध्ये २१ आर्टिस्टना ४५ कामांपोटी साडेसदुसष्ट लाख डॉलर द्यायला लावले. इमारत पाडायचा हक्क त्याचा होता, पण तिथल्या कायद्याप्रमाणे कलाकारांना आधी कळवायला हवं होतं. तेव्हा कोणाला भिंत देताना किती दिवसांसाठी ते आधी लिहून ठेवा.

प्रश्न : खांबावर एक स्टिकर खूप आवडलाय. काढून घरी नेला तर चालेल का? कसा काढू?

नको नेऊस, फोटो काढ. आणि निघणारही नाही कदाचित. एगशेल नावाचा प्रकार असतो, सील तोडलं की कळावं म्हणून लावतात त्या ठिसूळ लेबलाचं मटेरियल, ओढलं की अंड्याच्या टरफलासारखा चुरा होतो. मी हे पुस्तकात वाचलेलं नाही. मी पण एकदा मोहात पडले होते, अर्धा तास नखांनी खरवडत बसले, येणारे जाणारे बघतायत, आणि हाती आले ते डाळीएवढे सात तुकडे. नख तुटलं ते वेगळंच. तुकडे अजून पाकिटात आहेत. त्या खांबावर पंधरा दिवसांनी त्याच माणसाचा नवा स्टिकर आला, या वेळी माझा हात पोचणार नाही एवढा वर.