जुने टॉवर स्पीकर घेताय? आधी जाळी काढून बघा
अरे घाई करू नकोस, आधी पुढची जाळी काढायला सांग आणि वूफरच्या (जाड आवाज देणाऱ्या मोठ्या गोल स्पीकरच्या) कडेची रिंग बघ, फोमची असेल तर साधारण १०-१५ वर्षांत तिचा भुगा होतो, रबराची बरीच जास्त टिकते. फोम नवीन बसवता येतो त्यामुळे तेवढ्यावरून नाही म्हणू नकोस, पण वूफरचा कोन (मधला शंकूसारखा पडदा) दोन्ही बाजूंनी हळूच, सारखा दाबून बघ, खरखर लागली तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) घासतेय, मग माझ्या मते सरळ सोडून दे. ट्वीटरला (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरला) बोट अजिबात लावायचं नाही हं! तुझ्या ओळखीचं गाणं मोनोवर (दोन्हीकडे एकच आवाज) लाव आणि प्रत्येक ड्रायव्हरजवळ, म्हणजे वूफर-ट्वीटरजवळ, कान ने, डावा-उजवा सारखाच वाजला पाहिजे. शेवटी खोक्याचा तळ बघ, ओलीने फुगलेलं एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचं दाबलेलं बोर्ड) परत बसत नाही.