नरवानरांचे जिनोम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माणूस आणि चिंपांझी यांचा डीएनए ९९ टक्के सारखा, असं शाळेत शिकलो. आता म्हणतात तसं नाही. खरं काय?

उत्तर : दोन्ही खरं आहे, फक्त मोजलंय वेगवेगळं. २००५ मध्ये क्लिंट नावाच्या चिंपांझीच्या जिनोमचा, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएचा, मसुदा प्रसिद्ध झाला. माणसाच्या जिनोमशी नीट जुळणारे भाग तेव्हा डीएनएचं अक्षर-अक्षर घेऊन ताडून पाहिले. फरक निघाला सुमारे १.२ टक्के, म्हणजे साडेतीन कोटी अक्षरं. पण एकाच पोथीच्या दोन प्रती ताडताना, जोड न सापडलेली पानं बाजूला ठेवावीत, तसा हा हिशेब होता. २०२५ मध्ये चिंपांझी, बोनोबो, गोरिला, दोन जातींचे ओरांगउटान आणि सियामांग (एक गिबन) यांचे जिनोम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचून झाले. तेव्हा किमान साडेबारा टक्के भाग एकास एक जुळतच नाही, असं दिसलं. तिथे तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि जुन्या तंत्रांना ते धड वाचता येत नव्हते. ९९ टक्क्यांचा आकडा भाषणात टाळ्या घेतो, त्यापलीकडे मला त्याचं फार कौतुक नाही.

प्रश्न : प्राणी थोडे उरले म्हणजे त्यांचा जिनोमही कमकुवत झाला, असं धरायचं का?

उत्तर : नाही, आणि या विषयातली सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे. २०२३ मध्ये २३३ जातींच्या ८०९ नरवानरांचे (माकडं, वानर वगैरे ज्या गटात येतात त्या प्राण्यांचे) जिनोम एकत्र अभ्यासले गेले. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे संशोधकही त्यात होते. जात किती धोक्यात आहे आणि तिच्यात जनुकीय विविधता किती आहे, यांचा फारसा मेळ बसला नाही. जंगलं गेल्या काही दशकांत तुटली. विविधता मात्र पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू ओसरते, आणि या प्राण्यांची एकेक पिढी लांब असते. त्यामुळे आज जिनोम धडधाकट दिसला म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

उलट उदाहरण आफ्रिकेतल्या पर्वतीय गोरिलाचं. २०१५ च्या अभ्यासात त्यांच्या जिनोमचा सुमारे एक तृतीयांश भाग आई-बापांकडून अगदी सारखाच आलेला आढळला, इतकं नात्यातलं प्रजनन. तरीही सर्वांत घातक उत्परिवर्तनं, म्हणजे डीएनएतले बदल, त्यांच्यात कमी होती. त्यांची संख्या हजारो वर्षं हळूहळू घटत गेली आणि तेवढ्या काळात ही घातक उत्परिवर्तनं गाळली गेली. आता हे गोरिला हजाराच्या वर गेले आहेत. ‘यांचं आता काही खरं नाही’ म्हणून कोणी हात झटकत असेल, तर जिनोम त्याच्या बाजूने साक्ष देत नाही.

प्रश्न : रानातल्या प्राण्याचं रक्त घेता कसं?

उत्तर : बऱ्याचदा घेतच नाहीत, विष्ठा गोळा करतात. तिच्यातला बहुतेक डीएनए जिवाणूंचा आणि खाल्लेल्या पाल्याफळांचा असतो, म्हणून हवा तो भाग गळ टाकल्यासारखा वेचून काढावा लागतो. आफ्रिकेतल्या ४८ ठिकाणच्या चिंपांझींच्या विष्ठेतून असं २१ वं गुणसूत्र वाचलं गेलं (२०२२). तस्करीत पकडलेलं पिल्लू मूळचं कुठलं, हे त्यावरून ताडता येतं.

प्रश्न : आमच्या आंबा-नारळाच्या बागेतल्या माकडांवर यातून काही उपाय?

उत्तर : नाही हो. त्यासाठी वनखातंच गाठा.

प्रश्न : एवढा पैसा सरळ जंगलावर का खर्च करू नये?

उत्तर : कारण तो जंगलासाठी आलेलाच नसतो. २०२३ च्या त्या कामात इल्युमिना ही डीएनए वाचण्याची यंत्रं बनवणारी कंपनी होती. माणसातलं कोणतं उत्परिवर्तन निरुपद्रवी आणि कोणतं रोगकारक, हे माकडांच्या जिनोमवरून ओळखणं हा तिचा हेतू. प्राण्यांच्या संरक्षणाला त्याचा फायदा झाला तो आनुषंगिक. मर्यादाही मान्य करतो. २०१७ मध्ये ३७ ओरांगउटानांच्या जिनोमसह कवटी-दातांचा पुरावा पाहून सुमात्रातला तापानुली ओरांगउटान वेगळी जात ठरला. आठशेहूनही कमी उरलेत, आणि ते राहतात त्याच बातांग तोरूच्या जंगलात जलविद्युत प्रकल्प उभारायला घेतला गेला. वेगळी जात ठरल्याने निदान ‘ओरांगउटान काय, दुसरीकडेही आहेत’ हा युक्तिवाद बाद झाला. धरणाचा निर्णय मात्र प्रयोगशाळेत होत नाही.