तुडतुड्यांची ओळख : ॲपवर किती विसंबावे?

प्रश्न : आमची हापूसची बाग आहे. मोहोरावरील तुडतुड्यांचे फोटो फोनमधील ॲपला दाखवले, तर एकाच झाडावरील किडीची निरनिराळी नावे येतात. अशा साधनांवर कितपत विसंबावे?
— एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : नावे निरनिराळी आली म्हणजे ॲप चुकलेच असे नाही, कारण एकाच मोहोरावर दोन जातींचे तुडतुडे असू शकतात. आंब्यावर मुख्यतः तीन जाती आढळतात. पंखांच्या मुळाशी पाठीवर जी त्रिकोणी ढाल असते, तिच्यावर इडिओस्कोपस निटिड्युलसला तीन ठिपके असतात आणि पंखांवर आडवा पांढरा पट्टा दिसतो. अमृतोडस ॲटकिन्सोनी आकाराने सर्वांत मोठा, तर इडिओस्कोपस क्लायपिॲलिस सर्वांत लहान. या दोघांच्या ढालीवर दोनच ठिपके असतात, मात्र क्लायपिॲलिसच्या डोक्यावरही काळे ठिपके आढळतात. झाडाखाली उभे राहून घेतलेल्या फोटोत यातले काहीच दिसत नाही आणि पिल्लांना तर या खुणा लागूच पडत नाहीत.

फोटोवरून नाव सुचवणारी साधने, नावे लावलेल्या असंख्य फोटोंवरून शिकलेली असतात. त्यामुळे फुलपाखरे आणि चतुर ती बरे ओळखतात. पण जी जात त्यांना शिकवलेलीच नाही, तिच्यासाठी दिसायला जवळची दुसरी जात पुढे केली जाण्याचा धोका राहतो. २००८ साली सुरू झालेल्या आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संगणकाने सुचवलेल्या नावाची इतर जाणकारही तपासणी करतात, ही त्याची जमेची बाजू.

दुसरा प्रकार संगणकीय ओळखतक्त्यांचा, म्हणजे एकेक खूण विचारत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यांचा असून, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात तयार झालेली ‘लुसिड’ प्रणाली त्यांपैकी एक आहे. छापील तक्त्यात पायावरील काट्यांविषयी विचारले आणि नमुन्याचा पायच तुटलेला असला की गाडी तिथेच अडते. संगणकीय तक्त्यात मात्र जी खूण दिसते तिच्यापासून सुरुवात करता येते. वेळ लागतो, पण नाव कशावरून ठरले हे कळते, म्हणून आमचा कल याकडे अधिक आहे.

तुडतुडे पारदर्शक डबीत घालून काही मिनिटे फ्रीजमध्ये ठेवल्यास सुस्तावतात. तेव्हा वरून, समोरून आणि बाजूने मॅक्रो भिंगाने फोटो घ्यावेत. काही नमुने अल्कोहोलमध्ये ठेवून गाव, तारीख आणि झाड लिहिलेली चिठ्ठी आतच टाकावी. ती पेन्सिलीने लिहावी, कारण पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. शंका उरल्यास हे नमुने दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कीटकशास्त्र विभागाला दाखवावेत. तथापि केवळ फवारणी ठरवायची असेल, तर जातीच्या नावाहून मोहोरामागे तुडतुडे किती आहेत, याची मोजणी अधिक उपयोगी पडते.

प्रश्न : माडाच्या झावळांवरील पांढरी माशी फोटोवरून ओळखता येईल का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : निश्चितपणे नाही. पांढऱ्या माशीची जात प्रामुख्याने तिच्या पिल्लांच्या शेवटच्या, पानाला चिकटून बसलेल्या अवस्थेवरून, काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली ठरवतात. भारतात २०१६ साली प्रथम नोंदली गेलेली रुगोस चक्राकार पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला मेणकट वळणांत अंडी घालते, हा फोटोत टिपता येणारा धागा आहे. पण तेवढ्यावर नाव पक्के करू नये. पिल्ले चिकटलेल्या पातींचे तुकडे कागदी लिफाफ्यात घालून तपासणीस द्यावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणाने त्यांना बुरशी येते.