फेस नाही आला म्हणजे चेहरा धुतलाच नाही का?

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं फेसवॉशबद्दलची आहेत, खरं तर फेसवॉशपेक्षा त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात जी लांबलचक नावं असतात ना त्यांच्याबद्दलची. म्हणून हा अंक त्यांचाच, केसांचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ.

प्रश्न: ताई, मी मुद्दाम शोधून सल्फेट-फ्री फेसवॉश घेतला, तरी तोंड धुतलं की गाल ओढल्यासारखे होतात आणि नाकाच्या कडेला पापुद्रे निघतात. मागे लिहिलंय, पाणी, सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, ग्लिसरीन, मग पुढे बरंच काही. यात सल्फेट तर नाहीये, मग असं का होतंय?

उत्तर: पूर्ण यादी पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण नुसतं "सल्फेट-फ्री वापरते" म्हटलं की काहीच कळत नाही. यात सल्फेट (क्लिंझरचा, म्हणजे तेल-मळ काढणाऱ्या घटकाचा, एक प्रकार) खरंच नाहीये, कंपनी खोटं बोलत नाहीये. पण पाण्यानंतर पहिलं नाव कुठलं आहे बघा, ओलेफिन सल्फोनेट. यादीत जास्त प्रमाणातले घटक आधी येतात (एक टक्क्याच्या खालचे कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात), म्हणजे तुमच्या ट्यूबमधला मुख्य क्लिंझर हाच. सल्फेट आणि सल्फोनेट यांच्यात फरक इतकाच की एकात गंधक आणि कार्बनच्या मध्ये ऑक्सिजन असतो, दुसऱ्यात गंधक थेट कार्बनला चिकटलेलं असतं. तेल ओढून काढायच्या बाबतीत मात्र दोघं जवळपास एकाच माळेचे मणी. त्याच्या जोडीला बीटेन आहे, ते त्याला थोडं सौम्य करतं, पण तुमच्या गालांना तेवढं पुरत नाहीये असं दिसतंय.

आता पुढची ट्यूब घेताना समोरचं मोठं अक्षर सोडून द्या आणि पाण्यानंतरची पहिली तीन-चार नावं वाचा. तिथे सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, डायसोडियम कोकोइल ग्लुटामेट, सोडियम लॉरोइल सार्कोसिनेट, कोको ग्लुकोसाइड, डेसिल ग्लुकोसाइड असं काही दिसलं तर ते सौम्य गटातले समजा. ग्लायसिनेटही याच घराण्यातलं, पण त्याला नीट फेस यायला पीएच (आम्ल की अल्कली ते सांगणारं माप, सातच्या वर अल्कली) थोडा चढा लागतो, त्यामुळे ग्लायसिनेटवाले बरेच फेसवॉश अल्कलाइनकडे झुकलेले असतात आणि कोरड्या त्वचेच्या लोकांना ते कधीकधी खटकतात. तोवर आहे तो फक्त रात्री वापरा, सकाळी नुसतं पाणी मारलं तरी काही बिघडत नाही. आणि पापुद्रे निघताहेत म्हणून स्क्रब घासू नका हो प्लीज, ते मळाचे नाहीयेत.

प्रश्न: सौम्य म्हणतात त्या फेसवॉशला फेसच येत नाही, मग मळ निघतो तरी का? मला तर हात फिरवल्यावर करकर आवाज आला की बरं वाटतं.

उत्तर: तो करकर आवाज येईपर्यंत धुणं म्हणजे नको तेवढं धुणं, मी तरी याच मताची आहे. फेस म्हणजे शेवटी पाण्याच्या पातळ पडद्यात अडकलेली हवा, मळ काढायचं काम वेगळंच कोणीतरी करत असतं. क्लिंझरच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं तेलाकडे, असे बरेच रेणू एकत्र येऊन गोल घोळका करतात, तेलाकडची टोकं आत आणि पाण्याकडची बाहेर. या घोळक्याला मायसेल म्हणतात. चेहऱ्यावरचं तेल, सनस्क्रीन, मेकअप त्याच्या पोटात जातं आणि पाण्याबरोबर निघून जातं, वर फुगे आले काय नि नाही आले काय.

आता गंमत इथे आहे. त्वचेला त्रास मुख्यतः घोळक्यात न सापडलेले सुटे रेणू देतात. सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे एसएलएस, याचे रेणू लहान, ते त्वचेच्या वरच्या थरात शिरतात, तिथल्या केराटिन नावाच्या प्रथिनाला चिकटून त्याला फुगवतात, पेशींच्या मधलं स्निग्ध मटेरियल विस्कटतात आणि मग आतलं पाणी बाहेर उडून जायला लागतं. संशोधनात तर त्वचेला मुद्दाम इरिटेट करायचं असेल तेव्हा एसएलएसचाच पॅच लावून ठेवतात, इतकं ते भरवशाचं आहे! पण त्यातच बीटेन किंवा ग्लुकोसाइड मिसळलं की घोळके मिश्र होतात, सहज जमतात, सुटे रेणू कमी उरतात आणि तोच फेसवॉश बराच नरम पडतो. म्हणून एक नाव दिसलं की लगेच ट्यूब कचऱ्यात टाकायची घाई करू नका. एसएलईएस, म्हणजे लॉरेथ सल्फेट, तर नाव सारखं वाटलं तरी एसएलएसपेक्षा सौम्यच असतं, आणि बीटेनच्या जोडीला ते अनेकांना काहीही त्रास देत नाही. तुम्हाला चालतंय का हे ओळखायचं असेल तर तोंड धुवा, पुसा, काहीच लावू नका आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा, हसताना गाल ताणले गेले नाहीत तर झालं.

प्रश्न: आई म्हणते हे सगळे केमिकलचे चोचले, साधा साबण सगळ्यात चांगला. आम्ही दोघी यावरून रोज भांडतो.

उत्तर: भांडण मिटवणं माझ्या हातात नाही पण माहिती देते. साबणही केमिकलच, तेल आणि अल्कलीपासून झालेलं, त्यामुळे तो मुद्दा आईंनी सोडून द्यावा. साबणाच्या पाण्याचा पीएच साधारण ९ ते १० असतो आणि त्वचेचा पाचच्या आसपास. साबणाचा पीएच खाली आणायला जावं तर तो साबणच राहत नाही, फॅटी ॲसिड सुटं होतं. शिवाय पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं आणि चिकट पांढरा थर बसतो, बादलीच्या कडेला दिसतो तोच, थोडा अंगावरही राहतो. ज्यांची त्वचा दणकट आहे त्यांना यातलं काहीच जाणवत नाही, आई कदाचित त्यातल्याच असतील, मग त्यांना का बदलायला लावायचं?

तुम्हाला वडीच हवी असेल तर सिंडेट (म्हणजे सिंथेटिक डिटर्जंट) बार मिळतात, दिसायला साबणच पण आत बहुतेक वेळा सोडियम कोकोइल आयसेथिओनेट असतं. ही काही आजची फॅशन नाही, डव्ह १९५७ साली अमेरिकेत आला तो याच तंत्रावर.

प्रश्न: "नारळापासून बनवलेलं" लिहिलं असेल तर ते सौम्यच असणार ना? मला तसल्याच एका क्लिंझरने पापण्यांवर खाज सुटली.

उत्तर: एसएलएससुद्धा नारळाच्या किंवा पामच्या तेलापासून बनवतात, तेव्हा नारळावरून काही ठरत नाही. तुमचं प्रकरण मात्र मला जरा वेगळं वाटतंय. कोरडं पडणं, चुरचुरणं हे इरिटेशन, ते कमी वापरलं की कमी होतं. खाज, लाली, पापण्या सुजणं आणि तेही थोड्याशानेसुद्धा परत परत होणं, याच्यात ॲलर्जीची शंका घ्यावी, आणि ॲलर्जी सौम्य घटकाचीही होऊ शकते. अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने "ॲलर्जन ऑफ द इयर" म्हणून २००४ साली कोकामिडोप्रोपिल बीटेन निवडलं होतं आणि २०१७ साली अल्किल ग्लुकोसाइड्स, म्हणजे डेसिल ग्लुकोसाइड वगैरे मंडळी. बीटेनच्या बाबतीत दोष बऱ्याचदा त्याच्या उत्पादनात मागे राहिलेल्या अशुद्धींचा असतो. बहुतेकांना हे दोन्ही छान चालतात, हे सांगितलं ते घाबरवायला नाही. पण तुम्ही क्लिंझर बंद करा, बाटली फेकू नका, ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि पॅच टेस्टबद्दल (संशयित घटक त्वचेवर चिकटवून ॲलर्जी बघायची तपासणी) विचारा. सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्हवरही संशय असतोच, त्यामुळे यादी सोबत असलेली बरी.

प्रश्न: मायसेलर वॉटरने पुसल्यावर चेहरा धुवायचा की नाही? बाटलीवर तर लिहिलंय गरज नाही.

उत्तर: धुवा. मायसेलर वॉटर म्हणजे वर सांगितलेले मायसेल असलेलं पाणी, त्यात पोलोक्सामरसारखे बरेच सौम्य क्लिंझर असतात हे खरं, पण क्लिंझर शेवटी क्लिंझरच, रात्रभर गालावर ठेवायची वस्तू नाही ती. आणि डोळ्यांजवळ कापूस घासण्यापेक्षा थोडा वेळ नुसता धरून ठेवला तर काजळ आपोआप सुटतं.