पैसे भरून पेपर छापला तर चालतो का?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेल्या पत्रांत तोच गोंधळ परत परत दिसतोय, विषाणूशास्त्रात कोणाचं काम किती मोठं हे पेपर, म्हणजे शोधनिबंध, मोजून कळतं का. म्हणून आज तेवढंच घेते.

प्रश्न : मॅडम, एच-इंडेक्स किती असला म्हणजे विषाणूशास्त्रज्ञ चांगला? (एमएस्सी विद्यार्थी, अमळनेर)

असा काही आकडा नाही. एच-इंडेक्स १० म्हणजे तुमचे १० पेपर असे की प्रत्येकाला किमान १० सायटेशन आहेत, म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांत त्याचा संदर्भ दिलाय, बस. २००५ मध्ये हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने हे माप काढलं. आता कोविडवाला आणि रावेर-यावलच्या केळीवरच्या सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूवर काम करणारा एकाच तराजूत कसे तोलायचे, केळीच्या विषाणूवर काम करणारी माणसंच थोडी, तर साईट करणार कोण? आणि साईट केलं म्हणजे कौतुक केलं असं नसतं. कोविडला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध चालतं म्हणणारा फ्रान्सच्या राऊल्ट यांच्या गटाचा मार्च २०२० चा पेपर हजारो वेळा साईट झाला नि डिसेंबर २०२४ मध्ये जर्नलला तो मागे घ्यावा लागला. गाईड निवडायचा असेल तर त्यांचे शेवटचे तीन-चार पेपर वाचा, त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोला.

प्रश्न : गुगल स्कॉलरवर सायटेशन जास्त, स्कोपसवर कमी. खरं कुठलं? (प्राध्यापक, शहादा)

दोन्ही. दोन्ही सायटेशन मोजतात, पण गुगल प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासायच्या आधीच नेटवर टाकलेले पेपर) सगळं धरतं, स्कोपस निवडून घेतलेली जर्नलं, पुस्तकं वगैरेच. मुलाखतीला कुठलं चालेल ते कॉलेजला विचारून घ्या.

प्रश्न : एकजण आठ दिवसांत पेपर छापून देतो म्हणतोय, जर्नल केअर लिस्टमधलं आहे म्हणे. पेपरशिवाय थिसिस घेत नाहीत ना? (पीएचडी विद्यार्थिनी, भुसावळ)

ताई, एक रुपया देऊ नका. केअर लिस्ट म्हणजे यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्य जर्नलांची यादी, ती त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली, तो माणूस तुम्हाला बंद झालेल्या यादीचं नाव सांगून पैसे मागतोय. पेपरची सक्तीही यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढून टाकली, पण विद्यापीठाचा स्वतःचा नियम असू शकतो, तो पीएचडी सेक्शनला लेखी विचारा, मैत्रीण म्हणाली नि व्हॉट्सॲपवर आलं यावर जाऊ नका.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा असाच छापलेला पेपर घेऊन आला होता, केळीच्या पानातल्या सीएमव्हीचा. पीसीआरच्या, म्हणजे विषाणू ओळखायच्या चाचणीच्या, जेलच्या फोटोत मार्करची (मोजपट्टीची) लेनच कापलेली, म्हणजे तो बँड किती बेसपेअरचा, किती लांबीचा हे कोणालाच कळू नये, तुलनेला विषाणू नसलेला नमुना (निगेटिव्ह कंट्रोल) तोही नाही. तीन दिवसांत ॲक्सेप्ट झालेला पेपर, कोण विचारणार! पोराचं काम खरं होतं हो, उन्हात बागा फिरून पानं त्यानेच गोळा केलेली, पण एकदा छापलेलं दुसरं जर्नल घेत नाही, आणि मागे घ्यायचं म्हटलं तर त्या लोकांनी परत पैसे मागितले. मला त्या रात्री झोप लागली नाही. चांगली ओपन ॲक्सेस (कोणालाही फुकट वाचता येणारी) जर्नलंही फी घेतात, पण ती वेबसाइटवर आधीच लिहिलेली असते आणि सहसा रिव्ह्यू होऊन, म्हणजे तज्ज्ञांनी तपासून, पेपर स्वीकारल्यावरच घेतात. शंका आली तर संपादकाला त्यांच्या संस्थेच्या मेलवर विचारा की तुम्ही खरंच या जर्नलवर आहात का. नि पाठवायच्या आधी गाईडला आणि ग्रंथपालांना दाखवाच.

प्रश्न : सरांचा पेपर १५ वर्षांत कोणी साईट केला नाही, वाया गेला का? (धुळे)

लगेच तसं म्हणू नका. १९६५ मध्ये नागपूरजवळ चांदीपुऱ्यात तापाच्या रुग्णांत एक नवा विषाणू सापडला, भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्यावर पेपर लिहिला. पुढे २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं मेंदूज्वराने आजारी पडली, १८३ दगावली, पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने) तपासलं तर तोच चांदीपुरा निघाला, नि २०२४ मध्ये आपल्या शेजारी गुजरातेतही आला. कोणीतरी आधी नीट लिहून ठेवलं होतं म्हणून ओळखता आला. अर्थात दुर्लक्षित राहिलेला प्रत्येक पेपर असा नसतो. सरांनी सिक्वेन्स (जनुकीय क्रम) जेनबँक या सगळ्यांना खुल्या डेटाबेसमध्ये टाकलाय का ते विचारा, नसेल तर इतरांना सापडणार कसा?

प्रश्न : ऑर्किड आयडी काढू का? (चोपडा)

आजच काढा, फुकट आहे. हा संशोधकाचा स्वतःचा कायमचा नंबर. आडनावं सारखी असली की पेपर दुसऱ्याच्या खात्यात जातात.